मेळघाटचा अल्प मुदतीचा अभ्यास दौरा : बारामती-इंदापूरच्या पाहुण्यांनी करावयाची पूर्वतयारी

अभ्यास दौरा ही पंचायतींच्या कारभारात रुळलेली गोष्ट आहे. सरपंच, सदस्य, शिक्षक व अधिकारी यांचे एक पथक बसगाडीत बसते, हिवरे बाजार, राळेगणसिद्धी किंवा पाटोदा येथे जाते, माहिती ऐकते आणि सायंकाळी परतीच्या वाटेला लागते. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. येथून बाहेर जाणाऱ्या पथकांपेक्षा येथे येणाऱ्या पथकांची वर्दळ अधिक. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र, ठिबकवरील ऊस, डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागा पाहावयास राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शेतकरी येत असतात. पाहुण्यांची गाडी दोन तास उशिरा आली की यजमानाचा दिवस कसा मोडतो, तेच तेच प्रश्न विचारले गेले की त्याचा जीव कसा मेटाकुटीस येतो, आणि निघताना दिलेली 'पुन्हा येऊ' ही ग्वाही किती वेळा खरी ठरते, हे या भागातील प्रगतिशील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

हाच यजमान पाहुणा होऊन सातपुड्याच्या डोंगरात जातो, तेव्हा मात्र त्यास या अनुभवाचे विस्मरण होण्याचा संभव असतो. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांचा मेळघाट हा प्रदेश राज्यातील दुर्गम आदिवासी मुलखांपैकी एक होय. १९९३ च्या पावसाळ्यात तेथील बालमृत्यूंच्या वार्ता राज्यभर पसरल्या आणि तेव्हापासून मेळघाट म्हणजे कुपोषण असे समीकरण बाहेरच्या जगाने मनाशी पक्के केले. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना सुरू झाली, समित्या नेमल्या गेल्या, न्यायालयात याचिका चालल्या आणि त्यांबरोबर पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली. चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या एखाद्या ढाण्यात वीस माणसांचे पथक उतरते, तेव्हा त्या ढाण्यातील कित्येकांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. त्याची भरपाई कोणत्याही दौऱ्याच्या अंदाजपत्रकात नसते. यास्तव दौऱ्याची आखणी हा प्रवासाच्या सोयीपुरता विषय राहत नाही. कोणी कोणाचा किती वेळ घ्यावा आणि त्याबदली काय द्यावे, असा तो प्रश्न आहे.

जाण्याचे प्रयोजन

'आदिवासी जीवन पाहणे' हे प्रयोजन होऊ शकत नाही. जीवन हे पाहण्याचे स्थळ नव्हे. निघण्यापूर्वी पथकाने आपल्याच गावचा एक अडलेला प्रश्न निवडावा आणि त्याच्या उत्तराचा काही अंश मेळघाटात मिळेल काय, हे तपासावे. बारामती-इंदापूरच्या दृष्टीने असे प्रश्न पुष्कळ आहेत.

पाण्याचेच घ्यावे. बारामती परिसरात वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिखलदऱ्याच्या पठारावर त्याच्या तिपटीच्या आसपास पडतो. तरीही बारामतीच्या बागायती पट्ट्यात बारमाही ऊस उभा असतो आणि चिखलदरा तालुक्यातील कित्येक गावांत चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. कारण सरळ आहे. तीव्र उतार, पातळ मातीचा थर आणि खाली पाणी धरून न ठेवणारा काळा खडक, यांमुळे पडलेले पाणी ओढ्यांवाटे सिपना, गडगा अशा नद्यांत आणि त्यांतून तापीत निघून जाते. उलट नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी मुळात सह्याद्रीच्या माथ्यावर, भोरच्या डोंगरांत पडलेले असते. भाटघर व वीर येथे ते अडते आणि मग बारामतीस पोहोचते. डोंगरावर पडावे, सखल भागात पिकावे, हा न्याय दोन्हीकडे एकच आहे; बारामती त्याच्या लाभाच्या टोकाला आहे आणि चिखलदरा दुसऱ्या. सुपे व मोरगावच्या जिरायती भागातील सदस्य पथकात असतील, तर त्यांना हे विशेष समजावून सांगावे लागणार नाही. टँकर त्यांच्याही ओळखीचा आहे.

दुसरा विषय ग्रामसभेचा. धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्याखालील राज्याच्या २०१४ च्या नियमांनी तेथील ग्रामसभेस इतरत्र नसलेले अधिकार दिले आहेत. एखादा पाडा किंवा ढाणा स्वतःस स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो आणि त्याची निराळी ग्रामसभा होते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी या क्षेत्रातील पंचायतींना थेट मिळू लागला आणि तो कशावर खर्च करावा हे ग्रामसभेने ठरवावे, अशी व्यवस्था झाली. इंदापूर तालुक्यातील मोठ्या गावात ग्रामसभेस गणसंख्या जमविताना किती सायास पडतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी शे-दोनशे माणसांची ग्रामसभा कशी चालते, ती कोठे अडते आणि कागदावरील अधिकार प्रत्यक्षात किती उतरतात, हे अवश्य पाहावे. तेथे सर्व काही सुरळीत आहे असे मानून जाऊ नये. अडचणीही तितक्याच शिकवून जातात.

परतवाड्याजवळ, घाटाच्या पायथ्याशी पायविहीर हे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावास सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेल्या रानाची राखण गावाने स्वतः सुरू केली, झाडोरा वाढविला, सीताफळे व तेंदूपाने यांची विक्री ग्रामसभेमार्फत होऊ लागली आणि २०१४ मध्ये या कामास भारत जैवविविधता पुरस्कार लाभला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने ज्या वाटेने पाऊल टाकले, तिच्यावरचा हा विदर्भाच्या पश्चिम टोकाचा मुक्काम होय. बारामती-इंदापूरकडे असे वन नाही, हे खरे. परंतु गायराने आहेत, गावतळी आहेत आणि त्यांवरील अतिक्रमणांचे तंटेही आहेत. सामाईक मालमत्ता राखण्याचे नियम गावाने स्वतः कसे केले, नियम मोडणाऱ्यास कोण बोलते, हिशेब कोणापुढे वाचला जातो, एवढेच पायविहीर येथे विचारून घेतले तरी प्रवास कारणी लागेल.

इंदापूरच्या पथकास आणखी एक विषय जवळचा वाटेल. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाणपसाऱ्यात या तालुक्याची भीमाकाठची गावठाणे व काळी जमीन गेली. पाणी आटले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि वडीलधारी मंडळी नातवंडांना घेऊन ते पाहावयास जातात. मेळघाट हे १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. तेथील गाभा क्षेत्रातील गावे या शतकाच्या आरंभापासून टप्प्याटप्प्याने बाहेर हलविण्यात आली. २००८ मध्ये केंद्र शासनाने प्रतिकुटुंब १० लाख रुपयांचा पर्याय ठेवला आणि अनेक कुटुंबे अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा तालुक्यांच्या सपाटीवर आली. जानेवारी २०१९ मध्ये त्यांपैकी काही कुटुंबे सोयींच्या व जमिनीच्या तक्रारी घेऊन जुन्या गावठाणांत परतली. तेथे वन कर्मचारी व पोलीस यांच्याशी त्यांचा संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. उजनीच्या विस्थापितांनी पन्नास वर्षांत काय कमावले व काय गमावले, हे मनाशी स्पष्ट असलेला इंदापूरचा माणूस या लोकांशी बोलू लागला, तर ते संभाषण पाहणी न राहता अनुभवांची देवघेव होईल. अशी संधी इतर तालुक्यांच्या पथकांना सहसा मिळणार नाही.

शिक्षकांसाठी भाषेचा विषय आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील भाषा असून संथाली व मुंडारी या झारखंडाकडील भाषांशी तिचे नाते आहे, आणि या कुळाच्या अगदी पश्चिमेकडील टोकास ती बोलली जाते. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनी प्रत्यय. 'कोरकू' म्हणजे माणसे. पाण्याला 'डा', जेवण्याच्या क्रियेला 'जोम'. घरी ही भाषा ऐकत वाढलेले मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकाची मराठी त्यास परकी असते; त्याचे मौन हे मंदपणाचे लक्षण नसते. बारामती-इंदापूरच्या शाळांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुले येतात. त्यांपैकी बंजारा मुलांच्या घरी गोरमाटी बोलली जाते. दोन्हीकडचे शिक्षक एकत्र बसले तर बोलावयास हा एकच विषय पुरेसा आहे.

काळाची निवड

पथके बहुधा मार्च महिन्यात निघतात. त्याचे कारण निधी त्या महिन्यात खर्ची पडावयाचा असतो, दुसरे काही नाही. मेळघाटच्या बाबतीत वेळेची निवड अशी करून चालत नाही.

पावसाळा हा तेथे पेरणी-निंदणीचा, साठविलेले धान्य संपत आलेला आणि आजारपणाचा काळ. आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका व आशा यांना श्वास घेण्यासही उसंत नसते. ओढ्यांना पूर आला की आतील गावांचा संपर्क तुटतो. आषाढ-श्रावणात चिखलदऱ्याचे धुके सुंदर दिसते हे मान्य. परंतु त्या दिवसांत अभ्यास दौरा नेणे म्हणजे यजमानांच्या अडचणीच्या वेळी दारात जाऊन उभे राहणे होय.

दिवाळीनंतर सोयाबीन-ज्वारीची कामे आटोपली की मोठ्या संख्येने कुटुंबे रोजगारासाठी बाहेर पडतात. कोणी अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर जाते, कोणी मध्य प्रदेशात, कोणी वीटभट्ट्यांवर, कोणी थेट मोठ्या शहरांतील बांधकामांवर. म्हणजे हवा उत्तम, रस्ते कोरडे आणि गाव अर्धे रिकामे, अशी ही स्थिती. डिसेंबर-जानेवारीत गेलेल्या पथकास घरोघर वृद्ध आणि लहान मुले भेटतात आणि 'गावात तरुणच नाहीत' अशी नोंद वहीत होते. तो त्या गावाचा स्वभाव नसून त्या महिन्याचा असतो.

होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कामावर गेलेली माणसे त्यासाठी परततात. होळीनंतर काही दिवस मुले व स्त्रिया रस्त्यावर गाणी म्हणत फगवा मागतात, मेघनाथाची पूजा होते. या दिवसांत गावे भरलेली असतात, आणि नेमके म्हणून पाहुण्यांनी ते दिवस टाळावेत. सणात आलेला पाहुणा नाच पाहतो, छायाचित्रे काढतो आणि ग्रामसभेविषयी विचारावयाचे राहून जाते. सणाच्या धामधुमीनंतर आठ-दहा दिवसांनी, माणसे पुन्हा कामावर निघण्यापूर्वी, जो अवकाश मिळतो तो अधिक उपयोगी. मात्र त्या सुमारास मोहाची फुले वेचण्याचा हंगाम सुरू झालेला असतो. फुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात. त्यामुळे सकाळी दहाची बैठक ठरविणे म्हणजे कोणीही येऊ नये अशी व्यवस्था करणे. बैठक सायंकाळी असावी. दुसरा पर्याय पीक निघाल्यानंतरचा व स्थलांतर सुरू होण्यापूर्वीचा मोजक्या दिवसांचा आहे. त्याची तारीख दरवर्षी मागेपुढे होते, म्हणून ती गावाकडूनच कळवून घ्यावी.

संमती

तारीख गावाने ठरवावयाची म्हटल्यावर संमतीचा प्रश्न ओघानेच येतो. धारणी येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयास आणि पंचायत समितीस पत्र पाठविले की काम झाले, असा समज असतो. ते आवश्यकच आहे. परंतु कार्यालयाने गावास कळविणे आणि गावाने होकार देणे यांत अंतर आहे. वरून आलेल्या निरोपाला नाही म्हणण्याची सोय ज्या गावास नाही, त्याच्या होकाराला अर्थ राहत नाही. पेसा कायदा ग्रामसभेस आपल्या परंपरा, सामाईक साधनसंपत्ती आणि तंटे सोडविण्याची रीत यांचे जतन करण्यास सक्षम मानतो. त्या सक्षमतेचा अभ्यास करावयास निघालेल्या पथकाने तिला वळसा घालून गावात शिरणे विसंगत दिसेल.

पत्र ग्रामसभेच्या नावे, किमान दोन महिने आधी जावे. किती माणसे येणार, ती कोण, काय विचारणार, किती वेळ घेणार, जेवणाचा व मुक्कामाचा खर्च कसा देणार आणि छायाचित्रे काढणार काय, एवढे त्यात असावे. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्याबरोबरच गावचा पटेल, भूमका व पडियार यांनाही निरोप पोहोचेल असे पाहावे. गावगाड्यात त्यांचा शब्द आजही मोलाचा आहे. उत्तर आले नाही तर ते नकारार्थी समजून दुसऱ्या गावी पत्र लिहावे.

जगात इतरत्र या गोष्टीस कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे. फिलिपीन्समधील लुझोन बेटाच्या उत्तरेस कॉर्डिलेरा नावाचा पर्वतप्रदेश आहे आणि तेथील डोंगरी जमातींनी बांधलेली भातखाचरे प्रसिद्ध आहेत. तेथे १९९७ च्या, म्हणजे आपल्या पेसानंतर एक वर्षाने झालेल्या, कायद्याने मूळ रहिवाशांच्या पूर्वकल्पनेसह व मुक्त संमतीचे तत्त्व स्वीकारले. त्याच पर्वतातील सागादा येथे पाहुण्याने आधी नाव नोंदवून अल्प शुल्क भरावयाचे आणि ठरावीक स्थळी स्थानिक वाटाड्याबरोबरच जावयाचे, असा दंडक आहे. उलट उदाहरण आपल्याच देशातील आहे. अंदमानात जारवा जमातीच्या स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचावयास लावल्याची चित्रफीत २०१२ मध्ये उघडकीस आली, तेव्हा देशाची मान खाली गेली. पंचायतींचे दौरे त्या टोकास जात नाहीत. तरीपण 'पाहुणे आले आहेत, जरा नाच दाखवा' ही सूचना आश्रमशाळेतील मुलींना कित्येकदा केली जाते. ती आणि ती चित्रफीत यांचे मूळ एकच.

प्रवास आणि मुक्काम

दोन्ही तालुक्यांस दौंड जंक्शन सोयीचे. कोल्हापूरहून गोंदियास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला या मार्गाने बडनेऱ्यास पोहोचते. रात्री निघालेले पथक दुसऱ्या दिवशी बडनेऱ्यास उतरते. तेथून अमरावती लगतच आहे आणि पुढे परतवाडा सुमारे ५० किलोमीटर. परतवाड्यास दोन फाटे होतात. एक घाट चढून चिखलदऱ्यास जातो. दुसरा सेमाडोह, हरिसालवरून धारणीस. हा दुसरा रस्ता सुमारे १०० किलोमीटरचा आणि बराचसा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणारा आहे. घाट व वळणे लक्षात घेता त्यास सपाटीवरील हिशेब लावू नये. वन विभागाच्या नाक्यांवरील वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामास पोहोचावे.

प्रवासाचे दिवस धरून पाच दिवस मिळत असतील, तर गावांसाठी हाती राहतात ते जेमतेम तीन. या तीन दिवसांत आठ गावे, दोन आश्रमशाळा, एक आरोग्य केंद्र, गाविलगड किल्ला आणि जंगल सफारी असा कार्यक्रम आखल्याचे आढळते. अशा कार्यक्रमात गाडीचा चालक तेवढा मेळघाट पाहतो. पहिल्या दिवशी दुपारनंतर पायविहीर आणि पुढील दोन दिवस आतील एकच गाव, एवढे पुरे. एकाच गावी दोन सायंकाळी बसता आले तर पहिल्या दिवशी जे सांगितले जात नाही, ते दुसऱ्या दिवशी सांगितले जाते. रस्त्यालगत असल्यामुळे आणि २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून निवड झाल्यामुळे हरिसालवर पाहुण्यांचा भार मुळातच पुष्कळ पडला आहे. त्यात भर घालू नये. गाविलगड पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. त्यासाठी घरच्या मंडळींना घेऊन निराळे यावे.

पथक पंधरा माणसांहून मोठे नसावे. त्याहून अधिक माणसे एका ओसरीवर मावत नाहीत आणि मावली नाहीत म्हणजे सभा होते, भाषणे होतात. निम्म्या स्त्री सदस्या असाव्यात. त्यांच्यावाचून घरातील स्त्रिया बोलणार नाहीत. दुभाषी गावाबाहेरचा कर्मचारी नसावा. कोरकू व मराठी दोन्ही जाणणारी गावातीलच एखादी तरुण मुलगी किंवा शिक्षक मिळाल्यास उत्तम, आणि त्या कामाचे मानधन आधी ठरवावे. जेवण बचत गटाकडे सोपवावे आणि तेथे जे शिजते तेच मागावे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, कुटकीचा भात हे उत्तम अन्न आहे. कुटकीसारखी भरडधान्ये आता शहरांत चढ्या दराने विकली जातात, हे शेतकरी सदस्यांनी ध्यानात घ्यावे. पैसे रोख बरोबर न्यावेत, कारण आतील गावांत दूरध्वनीची लहर लागेलच असे नाही. मोहाच्या दारूची चौकशी करणारा सदस्य प्रत्येक पथकात एखादा असतोच. त्याला दौंडलाच समज द्यावी.

निघण्यापूर्वी एक दिवस घोडेगावी जाऊन यावे, असेही सुचवावेसे वाटते. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी हे समाज राहतात आणि घोडेगाव येथे त्यांच्यासाठी प्रकल्प कार्यालय आहे. आपल्याच जिल्ह्यातील पेसा गाव न पाहता सहाशे किलोमीटर जाणे योग्य दिसणार नाही. शिवाय प्रश्न विचारण्याचा सराव होतो.

गावात गेल्यावर

कोरकू गावाची रचना नजरेत भरते. रुंद रस्ता, दुतर्फा समोरासमोर घरांच्या रांगा, कुडाच्या सारवलेल्या भिंती. गाडी गावाबाहेर थांबवावी आणि या रस्त्याने चालत जावे. गावात एकट्या कोरकूंचीच वस्ती असेल असे नाही. गवळी, गोंड, निहाल, बलई यांची घरेही असतात आणि जमिनीपासून बोलीपर्यंत त्यांच्या अडचणी निराळ्या असतात. सर्वांस 'आदिवासी बांधव' म्हणून एकाच संबोधनात गुंडाळणारे भाषण टाळावे. किंबहुना भाषणच टाळावे. बारामतीच्या माणसास पाण्याच्या काटकसरीवर, जोडधंद्यावर, सहकारावर बोलण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु उताराच्या दोन-तीन एकरांत, सिंचनाविना, रानडुकरांपासून पीक राखत शेती करणाऱ्यास ठिबकचे महत्त्व सांगून काय साधणार? त्याने विचारले तर अवश्य सांगावे.

बालकांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. अंगणवाडीत जाऊन कमी वजनाचे मूल दाखवावयास सांगणे, त्यास पुढे उभे करून छायाचित्र घेणे, त्याच्या आईस सर्वांसमक्ष प्रश्न विचारणे हे प्रकार अभ्यासाच्या नावाखाली घडतात. कुपोषण समजून घ्यावयाचे असेल तर वाढीची नोंदवही कशी भरली जाते, पावसाळ्यात आहार पोहोचण्यात कोठे खंड पडतो, आई कामावर गेल्यावर मुलास कोण भरविते, हे सेविकेस विचारावे. त्यासाठी मूल पाहण्याची गरज नाही. तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके देण्याची 'डम्मा' नावाची घातक रूढी तेथे आहे. ती मोडून काढण्यासाठी आरोग्य कर्मचारी व स्वयंसेवी कार्यकर्ते वर्षानुवर्षे गावातील जाणत्यांशी बोलत आले आहेत. एका दिवसाच्या पाहुण्याने त्यावर उपदेश केला, तर त्यांच्या श्रमांवर पाणी पडण्याचा धोका असतो.

जुने कपडे, बिस्किटे, वह्या यांचे वाटप करू नये. मुले गाडीमागे धावू लागतात आणि पुढच्या पथकाकडे हात पसरतात. काही द्यावयाचेच असेल तर शाळेस काय हवे ते मुख्याध्यापकांना आधी विचारावे आणि गाजावाजा न करता पोहोचते करावे. बैठकीसाठी ज्यांनी काम सोडले, त्यांच्या वेळेपोटी ठरलेली रक्कम ग्रामसभेच्या कोशात पावतीसह भरावी. याची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत असावी. भेटवस्तू, शाल व श्रीफळ यांचा खर्च त्यातून वाचविता येतो.

परतल्यानंतर

दौऱ्याचा अहवाल बहुतेक वेळा ज्या कार्यालयाने निधी दिला त्याच्याकडे जातो आणि तेथेच राहतो. त्याची एक प्रत, सोप्या मराठीत व मोठ्या अक्षरांत, ज्या गावाने वेळ दिला त्या ग्रामसभेकडे महिनाभरात पाठवावी. त्यात चूक आढळल्यास गावाने कळवावी आणि दुरुस्ती झाल्यावरच तो अहवाल इतरत्र द्यावा. छायाचित्रांच्या प्रतीही पाठवाव्यात; ज्यांची छायाचित्रे असतात त्यांच्याकडे ती बहुधा कधी पोहोचत नाहीत.

दोन्ही तालुक्यांनी मेळघाटातील ग्रामसभा सदस्यांना परतभेटीचे निमंत्रण द्यावे आणि त्या भेटीचा खर्च उचलावा. त्यांना काय दाखवावे, याचा विचार आधीच केलेला बरा. कृषी विज्ञान केंद्र व कारखाना ते पाहतीलच. त्याबरोबर सुप्याकडील जिरायती गाव, उजनीच्या काठावरून उठून नव्या जागी वसलेले गावठाण आणि गळीत हंगामात ऊसतोड कामगारांचा तळ हेही दाखवावे. त्या तळावरील माणसे दिवाळीनंतर घर सोडून आलेली असतात, जशी मेळघाटची माणसे सोडतात. असा तळ पाहावयाचा तर डिसेंबर-जानेवारी हेच दिवस घ्यावे लागतील, आणि नेमके तेव्हाच पाहुण्यांच्या गावातील निम्मी माणसे कामावर बाहेर असतील. म्हणून निमंत्रणात तारीख कोरी ठेवावी, कोण येणार व केव्हा येणार हे ग्रामसभेने कळवावे आणि त्याप्रमाणे दौंडला गाडी पाठवावी.